पाठकोऱ्या कागदावरचे मार्क

"दहापैकी चार? का रे, कॉपी करताना सापडले का?"

काकूंच्या हातात माझीच चिठ्ठी होती. आमचं पाचजणांचं टोळकं महिन्यातल्या एका रविवारी मित्राच्या घरी जमतं. एलपी ऐकायच्या, भडंग खायचं, दहा वेळा झालेली भांडणं अकराव्यांदा भांडायची, एवढाच कार्यक्रम. त्या रविवारी कुणीतरी टूम काढली की साठच्या दशकातल्या बीटल्स या इंग्लिश बँडच्या पहिल्या पाच अल्बमना दहापैकी मार्क द्यायचे, चिठ्ठीवर, गुप्त. मित्राच्या आई, म्हणजे काकू, स्वयंपाकघराच्या दारात वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. खेळ संपल्यावर आम्ही चिठ्ठ्या टाकून देणार तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. पाठकोरा कागद त्या घरातून बाहेर जात नाही, त्यावर दुधाचा हिशेब होतो. हिशेबाआधी त्यांनी पलीकडची बाजू वाचली. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, वर्षानुवर्षं दहावीचे पेपर तपासले, त्यामुळे आकडा दिसला की डोळा आपसूक तिकडे जातो.

मी बचाव केला. म्हटलं, काकू, त्या अल्बममधली सहा गाणी दुसऱ्यांची आहेत, म्हणजे कॉपीच म्हणा ना. आणि उरलेली घाईघाईत उरकलेली. काकूंनी हात पदराला पुसले, 'बीटल्स फॉर सेल'चं कव्हर मागून घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ धरलं. चार चेहरे, गळ्याशी मफलर, मागे शरद ऋतूतली तांबूस झाडी. एकही हसत नाही. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "झोप झालेली नाही रे यांची." कव्हर परत दिलं आणि पुन्हा मेथीला लागल्या.

सगळे हसले, मीही हसलो. पण स्कूटर सुरू करताना, टिळक रोडच्या सिग्नलला, घरी जेवताना, ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. गेली तीस वर्षं ते कव्हर मी बघतोय. फोटो रॉबर्ट फ्रीमनने काढला, लंडनच्या हाइड पार्कात काढला, हे मला पाठ आहे. पण ती पोरं दमलेली आहेत, हे मी पुस्तकांतून वाचलं होतं. चेहऱ्यांवरून वाचलं नव्हतं.

माझी चिठ्ठी अशी होती: 'प्लीज प्लीज मी' सहा, 'विथ द बीटल्स' सात, 'अ हार्ड डेज नाइट' नऊ, 'बीटल्स फॉर सेल' चार, 'हेल्प' आठ. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाची चिठ्ठी साधारण अशीच असेल. पहिल्यात उत्साह आहे पण कच्चेपणा, दुसरा त्याचीच सुधारित आवृत्ती, तिसऱ्यात तेराच्या तेरा गाणी बँडमधल्याच जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीची म्हणून भरघोस, चौथा थकलेला, पाचव्यात 'यस्टरडे'. आकडे माझ्या अक्षरातले होते, एवढाच काय तो माझा वाटा.

या चवीचा उगम कुठे, ते मात्र मला नक्की सांगता येतं. कॉलेजात असताना एका सीनियरकडून दोन कॅसेट आणल्या होत्या, १९७३ साली निघालेल्या, बीटल्सच्या निवडक गाण्यांच्या लाल आणि निळ्या संचांच्या, कुणीतरी टीडीकेच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेल्या. गाण्यांची नावं हिरव्या शाईत, बारीक अक्षरात. टेपरेकॉर्डरचं झाकण तुटलेलं, त्यामुळे कॅसेट बोटाने दाबून धरावी लागे, आणि बोट दुखायला लागलं की गाणंही लडखडायचं. आम्ही त्या लाल कॅसेटवर वाढलो. आता हिशेब मांडून बघितला: तिच्यातल्या २६ गाण्यांत नंतरच्या 'रबर सोल' अल्बमची सहा, 'बीटल्स फॉर सेल'मधलं फक्त एक, 'विथ द बीटल्स'मधलंही एकच. आणि दुसऱ्यांची रचना एकसुद्धा नाही. सुरुवातीच्या अल्बमांवर जी पोरं आपल्या आवडत्या अमेरिकन गाण्यांवर जीव टाकून गातात, ती आमच्यापर्यंत पोचलीच नाहीत. आमच्या हातात निकाल आला होता, उत्तरपत्रिका नाही.

शिवाय आपल्याकडे आणखी एक गोम आहे. आपल्याला बीटल्स तेव्हा मोठे वाटायला लागतात जेव्हा ते आपल्याकडे यायला लागतात. सतार आली, तबला आला, हृषीकेश आलं, की आपली मान ताठ. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरवर तबलजी म्हणून अनिल भागवत हे नाव छापलेलं मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा जणू आपल्याच आळीतला कुणी तिथे जाऊन बसलाय अशा थाटात मी ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो. १९६८ च्या जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून गेला, हे सांगताना तर माझा आवाज अजूनही किंचित चढतो. या सगळ्यापुढे ती आधीची सूटबूट घातलेली, एकसारखे केस कापलेली, 'तू आणि मी' छापाची गाणी म्हणणारी पोरं अगदीच बालवाडीतली वाटायची. गंमत म्हणजे आधीच्या पिढीकडे ती बालवाडीच आधी पोचली होती. १९६५ च्या 'जानवर'मध्ये शम्मी कपूरसमोर टोप घातलेली पोरं गिटारी हलवतात आणि रफी-आशा 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची चाल सरळ उचलून गातात. आपल्याकडे तर बीटल्सच्या ७८ वेगाच्या जाड तबकड्याही निघत होत्या, बाकीचं जग त्या सोडून पुढे गेल्यावर. चावीच्या ग्रामोफोनवर बीटल्स! मुंबईच्या चोरबाजारात एकदा अशी एक हातात धरली होती. जड, थंड, कडेला टवका उडालेली. भाव ऐकून परत ठेवली. तो टवका अजून बोटाला आठवतो.

काकूंच्या वाक्यानंतर चारपाच दिवसांनी बसमध्ये माझ्या इयरफोनचा डावा कान मेला.

वायर जुनीच होती, कधीतरी जाणारच होती. मी 'प्लीज प्लीज मी' लावला होता, चिठ्ठीतला सहा हा आकडा जरा तपासून बघावा म्हणून. आणि बँड गायब झाला. नुसते आवाज उरले. त्या काळी स्टुडिओत दोन ट्रॅकची टेप होती, एका ट्रॅकवर गळे, दुसऱ्यावर वाद्यं. पुढे दोन्हींचा तोल साधून मोनो (सगळा आवाज एकत्र) बनवायचा म्हणून ती सोय होती, मुळात अशी वेगवेगळी ऐकण्यासाठी नव्हतीच. स्टिरिओ काढताना मात्र ती जवळजवळ तशीच दोन कानांत वाटून दिली: उजव्या कानात गाणारे, डाव्यात वाजवणारे. म्हणून तर १९८७ मध्ये सीडी निघाल्या तेव्हा पहिले चार अल्बम मोनोतच काढले. हे सगळं मला ठाऊक होतं, याच्यावर मी रविवारी भाषणंही ठोकलेली आहेत. पण कोथरूडच्या गर्दीत, दांडीला लटकत, एका कानात नुसता जॉन लेननचा गळा येतो तेव्हा त्या माहितीचा काही उपयोग होत नाही. वाद्यं अगदीच नाहीशी होत नाहीत. सगळे एकाच खोलीत गात-वाजवत होते, त्यामुळे गाणाऱ्याच्या माइकमध्ये थोडा ड्रम शिरलेला असतो, शेजारच्या बिऱ्हाडात चाललेल्या लग्नासारखा. मध्येच 'लव्ह मी डू' लागलं आणि एकदम सगळा बँड उजव्या कानात आला. त्याच्या मूळ टेप्स उरल्या नव्हत्या म्हणून ते मोनोच राहिलं. मला वाटलं कान दुरुस्त झाला. पुढचं 'पी. एस. आय लव्ह यू'ही मोनोच, त्याच्या पुढच्या गाण्यापर्यंतच टिकला तो भ्रम. 'लव्ह मी डू'च्या आधीच्या, अल्बमला नाव देणाऱ्या गाण्यात जॉन शेवटच्या कडव्यात शब्द चुकतो आणि लगेचच्या 'कम ऑन'मध्ये हसू दाबतो, तेही त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. दाबलेलं हसू आणि माझ्या बगलेत कुणाच्यातरी डब्याची पिशवी.

शेवटी 'ट्विस्ट अँड शाउट' आलं.

दिवस ११ फेब्रुवारी १९६३, सोमवार. सकाळी दहाला सुरू करून रात्री पावणेअकरापर्यंत एका दिवसात या पोरांनी दहा गाणी संपवली. चार आधीच झालेली होती, दहा घातली की अल्बम पूर्ण. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन आणि मंडळी दुपारी कोपऱ्यावरच्या पबमध्ये जेवायला गेली तर ही चौघं दूध पीत तालीम करत तिथेच थांबली. जॉनला सणसणीत सर्दी. पियानोवर घशाच्या गोळ्यांची काचेची बरणी, आणि तिच्या शेजारी सिगारेटींचं खोकं. घसा फाडणारं हे गाणं मुद्दाम शेवटी ठेवलेलं, कारण ते आधी घेतलं असतं तर दिवस तिथेच संपला असता. रात्री दहाच्या सुमारास पहिला टेक, म्हणजे पूर्ण गाण्याचं पहिलं मुद्रण, झाला. दुसराही घेऊन बघितला, पण आवाज उरलाच नव्हता. पहिला टेक तोच आपण आजवर ऐकतो. एका कानाने ऐकताना कळतं की हा आवाज सुरापर्यंत पोचत नाही, तो तिथपर्यंत ढकलला जातो. प्रत्येक ओळीच्या शेवटी कापड फाटल्यासारखं काहीतरी होतं. मधल्या चढणीवर तिघं एकेक करून आवाज रचत जातात, आणि त्या रचलेल्या मनोऱ्यावर जॉन ओरडतो तेव्हा तो आनंदाने ओरडतोय की दुखतंय म्हणून, हे मला त्या बसमध्ये कळेना. पुढे जॉनला स्वतःला ते गाणं लाजिरवाणं वाटायचं म्हणे, आपण यापेक्षा बरं गाऊ शकलो असतो म्हणून. म्हणजे त्यानेही मार्क कापलेच. तेव्हा तो आणि ड्रमवाला रिंगो बावीसचे, पॉल वीस, जॉर्ज हॅरिसनला वीस पुरं व्हायला दोन आठवडे होते. माझा थोरला मुलगा त्या वयाचा आहे. सर्दी झाली तर तो कॉलेजला जात नाही.

माझा स्टॉप मागे गेला. पुढच्या स्टॉपला उतरून चालत आलो.

'दुसऱ्यांची गाणी' या मुद्द्यावर मी आयुष्यात इतके मार्क कापलेत, त्याचाही आता विचार करायला लागलो. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अल्बमवर प्रत्येकी सहा गाणी उसनी आहेत. आणि मी कोण? ज्या गावात डिसेंबरात लोक मांडी घालून रात्र रात्र ख्याल ऐकतात त्या गावातला माणूस. गवई पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली बंदिश मांडतो तेव्हा 'ही तुमची स्वतःची नाही' म्हणून आम्ही कधी नाक मुरडलंय का? उलट दुसऱ्याची चीज घेऊन तू तिचं काय केलंस, यावरच तर सगळी पारख. एकाच नाट्यपदावर तीन पिढ्यांचे गवई आपापली मोहर उठवतात आणि आम्ही तिघांनाही दाद देतो. मग 'यू रिअली गॉट अ होल्ड ऑन मी' अमेरिकन गायक स्मोकी रॉबिन्सनचं म्हणून बीटल्सना उणं कशाला? अमेरिकेतल्या डेट्रॉइटची ती चीज बीटल्सच्या गावच्या, लिव्हरपूलच्या नाकातल्या उच्चारांत शिरते तेव्हा तिच्यात एक गारठा येतो जो मूळ गाण्यात नाही. 'मनी'मध्ये तर जॉन पैसे मागत नाही, वसूल करतो. 'बॉइज' हे मुळात मुलींच्या चमूने गाजवलेलं गाणं, रिंगो त्यातला कोरसमधला मुलांचा गौरव तसाच ठेवून ड्रम बडवत गातो, कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र वाजवून ही गाणी त्यांच्या अंगात मुरली होती. अमक्या गाण्यात स्वरचना मौलिक आहे का, हा हिशेब वाचक-समीक्षकांचा. १९६३ च्या डिसेंबरात लंडनच्या 'टाइम्स'मध्ये संगीतसमीक्षक विल्यम मान यांनी 'नॉट अ सेकंड टाइम'च्या शेवटात एओलियन कॅडेन्स, म्हणजे सुरावट संपवण्याची एक शास्त्रीय रीत, शोधून काढली होती आणि ते काय असतं हे जॉनला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. पेपर तपासणाऱ्यांत असे दयाळूही असतात, न लिहिलेल्या उत्तराला मार्क देणारे.

आता चौथा अल्बम, माझा चारवाला. १९६४ हे वर्ष त्यांनी कसं काढलं ते बघा: फेब्रुवारीत अमेरिका, मग सिनेमा, त्याचा अल्बम, जूनमध्ये जगाचा दौरा (रिंगोचे टॉन्सिल सुजलेले, त्याच्या जागी काही दिवस दुसराच ड्रमवाला), ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा अमेरिका, ऑक्टोबरात इंग्लंडचा दौरा. आणि डिसेंबरात अल्बम दुकानात हवाच, कारण नाताळ. पहिला निघाला २२ मार्च १९६३ ला, चौथा ४ डिसेंबर १९६४ ला. पावणेदोन वर्षांत चार. नवी गाणी लिहायला वेळच नाही, म्हणून पॉल जुन्या कपाटातून शाळकरी वयातलं 'आय'ल फॉलो द सन' काढतो, जेमतेम पावणेदोन मिनिटांचं, आणि रिंगो त्यात ड्रमऐवजी स्वतःच्या मांड्यांवर थापा मारतो. दौऱ्यातल्या एका मोकळ्या रविवारी, १८ ऑक्टोबरला, सात गाण्यांचं काम त्यांनी एका दिवसात उरकलं. 'रॉक अँड रोल म्युझिक' एका टेकमध्ये. या सगळ्याला मी 'घाईत उरकलेलं' म्हणत होतो, आणि ते खोटं नाहीच. पण अल्बम उघडतो तो कुठल्या तोंडाने? पहिली तीन गाणी: दार वाजवूनही ती बाहेर येत नाही, मी एक हरलेला माणूस आहे, माझी प्रिया काळ्या कपड्यांत आहे. जगभरच्या मुली ज्यांच्यावरून बेशुद्ध पडतायत ती पोरं नाताळच्या बाजारात हे विकायला ठेवतात, आणि नावही काय तर विक्रीस उपलब्ध. 'आय'म अ लूझर'मध्ये जॉन तळाच्या सुरापर्यंत खाली उतरतो तेव्हा त्याचा आवाज जवळजवळ बोलण्याचा होतो. 'हेल्प'मधली आरोळी सगळ्यांना ऐकू आली. ही त्याच्या आधीची, कुजबुजलेली.

पण 'मिस्टर मूनलाइट' मला आजही सोसवत नाही. सुरुवातीला जॉन एकटा जी हाक मारतो ती काळजात जाते, आणि मग पॉलचा तो ऑर्गन येतो, लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची पंगत उठेपर्यंत वाजत राहणारा. दमणूक समजून घेतली म्हणून कान बदलत नाहीत. हेही लिहून ठेवतो.

आमच्या पुढच्या बैठकीच्या रविवारी मी तासभर आधीच गेलो. मित्र भाजी आणायला गेला होता. काकू एकट्याच होत्या, माझी चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली, मागे दुधाचा हिशेब. मी म्हटलं, काकू, तुमच्या त्या झोपेच्या वाक्याने माझी झोप घालवली. त्यांना आठवेना. आठवून दिल्यावर म्हणाल्या, "अरे, तुम्ही सगळे शेवटचा पेपर वाचून मग पहिला तपासता, असं मला वाटलं. आमच्या वेळी गठ्ठ्यात एखाद्या हुशार पोराचा पेपर आधी हातात आला ना, की पुढच्या दहा जणांचं नुकसान. मी तो बाजूला ठेवायचे. सगळे झाल्यावर बघायचे." मी विचारलं, आणि एकाच पोराचे पाच पेपर असले तर? त्या म्हणाल्या, "मग तर जास्तच सांभाळायचं. सहामाहीला बिचाऱ्याला कुठे माहीत असतं की तो वार्षिकला काय लिहिणार आहे?"

मी त्यांना आणखी एक अडचण सांगितली. 'शी लव्ह्ज यू', 'आय वाँट टू होल्ड युअर हँड', 'आय फील फाइन' ही त्या काळातली त्यांची सगळ्यात झणझणीत गाणी इंग्लंडमधल्या या अल्बमांवर नाहीतच. ती वेगळी, छोट्या रेकॉर्डवर निघायची, लोकांना एकाच गाण्याचे दोनदा पैसे पडू नयेत म्हणून अल्बममध्ये घेतली नाहीत. काकू एकदम सावरून बसल्या. "म्हणजे पुरवणी जोडलेलीच नाही की! आणि तू मुख्य उत्तरपत्रिकेवर चार देऊन मोकळा?" त्यांच्या आवाजात मॉडरेटर जागा झाला होता. मी गप्प. दहावीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला असं गप्प केलं.

मग त्या म्हणाल्या, लाव बरं काहीतरी, नुसतंच बोलतोस. सुरुवातीचं लाव. मी पहिल्या अल्बमची दुसरी बाजू काढली, सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली. सुई नीट पडली नाही, आधीच्या गाण्याचं शेपूट वाजलं, मग ती बारीक खरखर, मग गिटार. काही सांगितलं नाही मी, ना तारीख, ना सर्दी. काकू भिंतीला टेकून ऐकत होत्या, डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर, ठेका मात्र धरत नव्हत्या. अडीच मिनिटांनी गाणं संपलं. सुई आतल्या रेघेत फिरत राहिली.

"याचा घसा बसलाय," त्या म्हणाल्या. "गरम पाणी तरी दिलं होतं का कुणी?"

"गोळ्या होत्या काकू, बरणीभर. आणि शेजारी सिगारेटी."

"कार्टी मेली," म्हणत काकू उठल्या आणि गॅसवरचं दूध बघायला आत गेल्या.